तळटिपा वर्ड प्रोसेसरलाच सांभाळू द्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गोव्यात गावांचे इतिहास, देवस्थानांच्या स्मरणिका, वाचनालयांचे आणि शाळांचे महोत्सवी अंक मराठीतून सातत्याने निघत असतात, आणि त्यांतील लेखन आता केवळ ऐकीव माहितीवर विसंबून राहिलेले नाही. लेखक पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसून जुनी पुस्तके चाळतात, पुराभिलेखागारात जाऊन कागद पाहतात, पोर्तुगीज येत नसेल तर जाणकाराकडून मजकूर समजून घेतात आणि आपण काय कुठे पाहिले याची नोंद तळटिपेत देतात. मुद्रितशोधनाच्या कामामुळे अशा लेखनाच्या फायली माझ्या नजरेखालून जातात. त्या पाहताना एक गोष्ट वारंवार जाणवते आणि ती लेखक, संपादक मंडळे व छापखाने या तिघांच्याही कानावर घालावी, म्हणून हा पत्रप्रपंच. कष्टाने मिळवलेले संदर्भ छापील पानावर पोचेपर्यंत भलत्याच जागी जाऊन बसतात किंवा नाहीसे होतात, आणि याचे मुख्य कारण असे की या तळटिपा वर्ड प्रोसेसरच्या सोयीने दिलेल्या नसतात, हाताने टाइप केलेल्या असतात.

हाताने म्हणजे कशा, ते सांगतो. लेखक वाक्याच्या शेवटी एक अंक टाइप करतो, तो निवडून सुपरस्क्रिप्ट करतो, म्हणजे ओळीच्या वर चढवतो, मग पानाच्या तळाशी पोचेपर्यंत एंटरची कळ दाबत राहतो, डॅश ओळीने दाबून एक आडवी रेघ तयार करतो आणि तिच्याखाली बारीक अक्षरात टीप लिहितो. त्याच्या पडद्यावर ते पान अगदी छापल्यासारखे दिसते, आणि या दिसण्यावरच त्याची फसगत होते. कारण वर्ड प्रोसेसरच्या लेखी तो अंक आणि ती टीप यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. तिसऱ्या पानावर दोन ओळी वाढवल्या की तिसऱ्या पानाची टीप चौथ्या पानाच्या डोक्यावर जाते. ए-फोर आकारात लिहिलेला मजकूर छापखान्यात डेमी आकारात बसवला, किंवा अक्षराचा आकार चौदावरून बारावर आणला, की सगळ्याच टिपा रेघांसकट पानांच्या मधोमध विखुरतात. सहाव्या आणि सातव्या टिपेच्या मध्ये नवी टीप घालायची झाली की पुढचे सगळे आकडे बदलण्याचा कंटाळा येतो आणि मग ‘६ अ’, ‘६ ब’ असे आकडे जन्माला येतात.

याहून वाईट प्रकार मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना घडतो. लेख व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला, किंवा साधा मजकूर म्हणून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवला, की सुपरस्क्रिप्ट हे केवळ रूप असल्यामुळे गळून पडते आणि वर चढवलेला अंक खाली उतरून शेजारच्या शब्दाला येऊन भिडतो. शेजारी शब्द असला तर निदान काहीतरी चुकले आहे हे डोळ्यांना दिसते. शेजारी साल असले तर मोठाच घोटाळा होतो. गावकरीवर, म्हणजे गोव्यातील जुन्या ग्रामसंस्थेवर, लिहिणारा प्रत्येक जण पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशियाच्या १५२६ सालच्या फोरालचा, म्हणजे गावकऱ्यांचे हक्क व रिवाज नोंदवणाऱ्या सनदेचा, उल्लेख करतो, आणि करायलाच हवा. त्या सालाला जोडलेला चौथ्या टिपेचा आकडा खाली उतरला की वाचायला मिळते, ‘फोराल १५२६४ मध्ये’. असे पाच अंकी साल कोणाच्या तरी लक्षात येईल. पण पृष्ठक्रमांक, दस्तऐवजाचा क्रमांक किंवा देवस्थानच्या जमाखर्चातील रक्कम यांच्या मागे असा एखादा आकडा चिकटला, तर तो मुद्रितशोधकाच्याही लक्षात येत नाही आणि रक्कम दसपटीहून अधिक होऊन छापली जाते.

खरी सोय इतकी सोपी आहे की तिची ओळख आजवर सर्वांना का झाली नाही याचेच नवल वाटते. वर्डमध्ये कर्सर योग्य जागी ठेवून ‘रेफरन्सेस’ या टॅबमधील ‘इन्सर्ट फूटनोट’ निवडावे, किंवा विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ या कळा एकत्र दाबाव्यात; अंक आपोआप पडतो, पानाच्या तळाशी रेघ येते आणि कर्सर टीप लिहिण्यासाठी तिथे जाऊन उभा राहतो. लिबरऑफिस रायटर हा वर्ड प्रोसेसर विनामूल्य मिळतो, त्यातही ‘इन्सर्ट’ मेनूत हीच सोय आहे, आणि गूगल डॉक्समध्येही आहे. यापुढे आकडे मोजणे, जागा राखणे आणि टीप ज्या पानावर अंक आहे त्याच पानावर आणणे ही कामे यंत्राची. परिच्छेद उचलून दुसरीकडे नेला तर त्याच्या टिपा त्याच्याबरोबर जातात आणि सगळ्यांचे क्रमांक पुन्हा लागतात. टीप लांबून पानात मावेनाशी झाली तर उरलेला भाग पुढच्या पानाच्या तळाशी जातो. तिथे ‘मागील पानावरून पुढे’ अशा अर्थाची सूचना घालायची असेल तर वर्डमध्ये तशीही तजवीज आहे. एवढे मात्र लक्षात ठेवावे की टीप काढून टाकायची असेल तर ती वरच्या मजकुरातील अंक पुसून काढावी. बरेच जण तळाचा मजकूर पुसतात. मग वरचा अंक तसाच राहतो आणि खाली एक रिकामी टीप छापून येते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना मात्र काही अडचणी अशा येतात की ज्यांचे उत्तर इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत चटकन सापडत नाही, म्हणून त्यांवर थोडे विस्ताराने लिहितो. पहिली अडचण आकड्यांची. मजकुरात १, २, ३ देवनागरीत आणि टिपांचे अंक मात्र इंग्रजी वळणाचे, असे मिश्रण पुष्कळ पुस्तकांत दिसते आणि केवळ तेवढ्यासाठी आकडे हाताने टाइप करणारे लेखकही मी पाहिले आहेत. त्याची गरज नाही. वर्डमध्ये तळटिपांच्या चौकटीत क्रमांकाचा प्रकार निवडण्याची यादी असते आणि तिच्यात देवनागरी अंकांचाही प्रकार असतो. तो दिसत नसेल तर आधी वर्डच्या भाषांच्या यादीत हिंदी किंवा मराठी जोडून पाहावी.

दुसरी अडचण अक्षराच्या आकाराची, आणि ती अधिक छळते. लेखक तळटिपेचा आकार दहा करतो, टिपेतील रोमन लिपीतील पुस्तकांची नावे लहान होतात, पण मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. याचे कारण असे की वर्ड आणि लिबरऑफिस हे दोन्ही प्रोसेसर रोमन लिपीचा फॉन्ट व आकार वेगळा ठेवतात आणि देवनागरीसारख्या लिपींचा वेगळा. वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा स्वतंत्र कप्पा असतो, लिबरऑफिसमध्ये त्याला ‘सीटीएल’ म्हणतात. आकार दोन्हीकडे बदलावा लागतो. आणि तो बदलायचा तो टीप निवडून नव्हे, तर स्टाइलमध्ये, म्हणजे त्या प्रकारच्या मजकुरासाठी ठरवून ठेवलेल्या रूपात, बदलावा. वर्डमधील ‘फूटनोट टेक्स्ट’ किंवा लिबरऑफिसमधील ‘फूटनोट’ ही स्टाइल एकदा नीट बसवली की पुस्तकातील सगळ्या टिपा एका झटक्यात एकसारख्या होतात. येथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. वर्डमध्ये कंट्रोल आणि ए दाबून सगळा मजकूर निवडला असे आपल्याला वाटते, पण त्यात तळटिपा नसतात. म्हणूनच छापखान्यात मजकुराचा फॉन्ट बदलला जातो आणि टिपा जुन्याच फॉन्टमध्ये राहून जातात. टिपांत कर्सर ठेवून पुन्हा कंट्रोल-ए करावे लागते. स्टाइल वापरली असेल तर तेवढेही करावे लागत नाही.

ओळींतील अंतराबद्दल एवढेच सांगतो की सुपरस्क्रिप्टमुळे ओळ उचलली जाते म्हणून काही जण अंतर ‘एग्झॅक्टली’वर बांधून टाकतात, ते चालेल, पण रोमन अक्षरांच्या हिशेबाने बांधू नये. आपल्याकडे रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. अंतर कमी पडले की पहिला बळी जातो तो अनुस्वाराचा.

स्मरणिकांच्या संपादकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. दहा जणांचे लेख एका फाइलमध्ये एकत्र केले की टिपांचे क्रमांक पहिल्या लेखापासून शेवटच्या लेखापर्यंत सलग धावू लागतात आणि तिसऱ्या लेखाची पहिली टीप एकेचाळिसावी होते. यावर उपाय म्हणून कोणी पुन्हा हाताने आकडे घालू नयेत. वर्डमध्ये प्रत्येक लेखापूर्वी सेक्शन ब्रेक घालून क्रमांक प्रत्येक सेक्शनला नव्याने सुरू करण्याचा पर्याय निवडावा, लिबरऑफिसमध्ये प्रकरणागणिक क्रमांकाचा पर्याय आहे. प्रत्येक पानाला एकपासून क्रमांक देण्याचाही पर्याय असतो, पण तो मला पसंत नाही. पाने हलली की आकडे बदलतात आणि ‘अमक्या टिपेत पाहा’ असे कोणाला सांगताच येत नाही. छायाचित्राखालच्या ओळी मजकूर-चौकटीत लिहिल्या असतील तर वर्ड तिथे तळटीप घालूच देत नाही, त्यामुळे छायाचित्राचा स्रोत त्याच ओळीत लिहावा.

यंत्र सगळे सांभाळते असे म्हणताना दोन बाबतींत लेखकालाच जागे राहावे लागते. एक म्हणजे ‘तत्रैव’. आधीच्याच टिपेतील ग्रंथ पुन्हा आला की ‘तत्रैव’ लिहायचे आणि त्याआधी कुठेतरी येऊन गेलेला असला की ‘उ. नि.’, म्हणजे ‘उपरिनिर्दिष्ट’, लिहायचे, ही आपल्या अभ्यासकांची जुनी रीत. टंकलेखन यंत्रावर एकदा टाइप केलेला मजकूर फारसा हलत नसे, तोपर्यंत ती ठीक होती. आता बाराव्या टिपेत पोर्तुगीज राज्याच्या कौन्सिलच्या वृत्तान्तांचा पिसुर्लेकरांनी संपादलेला खंड आहे, तेराव्या टिपेत ‘तत्रैव’ आहे आणि लेखकाने नंतर या दोहोंच्या मध्ये गावातील एखाद्या वृद्धाच्या मुलाखतीची टीप घातली, तर वर्ड प्रोसेसर आकडे इमानेइतबारे बदलतो, पण ‘तत्रैव’ आता त्या मुलाखतीकडे बोट दाखवू लागते. कौन्सिलच्या सभेचा सतराव्या शतकातील वृत्तान्त त्या आजोबांच्या तोंडी जातो. माझे मत स्पष्ट आहे: संगणकावर लिहिताना ‘तत्रैव’ वापरूच नये. प्रत्येक वेळी लेखकाचे आडनाव, ग्रंथाचे छोटे नाव आणि पृष्ठ लिहावे. चार शब्द जास्त जातील, पण टीप कुठेही नेली तरी खरी राहील. पीएच. डी.चे विद्यार्थी झोटेरोसारखे संदर्भ सांभाळणारे विनामूल्य साधन वापरून हे काम यंत्राकडून करून घेऊ शकतात. गावाच्या इतिहासाला तेवढ्या सरंजामाची गरज नाही.

दुसरी बाब ‘टीप १४ पाहा’ अशा उल्लेखांची. हा चौदाचा आकडा हाताने टाइप केला तर टिपा वाढल्यावर तो तिथेच राहतो आणि वाचक भलत्याच टिपेवर जाऊन पोचतो. ‘रेफरन्सेस’ टॅबमधील ‘क्रॉस-रेफरन्स’ने तो घातला तर बदललेला क्रमांक तिथेही येतो, फक्त फाइल देण्यापूर्वी सगळा मजकूर निवडून एफ-नाइन ही कळ दाबावी लागते. आणि वर सांगितल्याप्रमाणे टिपांच्या आतले उल्लेख त्यात येत नाहीत, म्हणून तीच कळ टिपांत जाऊन पुन्हा दाबावी.

आता छापखान्यांकडे वळतो. त्यांच्यावर सगळा दोष टाकणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्या अडचणीमागे इतिहास आहे. आपल्याकडील पुष्कळ पुस्तके दीर्घकाळ पेजमेकर या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरवर जुळवली गेली. पेजमेकरमध्ये आपोआप चालणारी तळटिपेची सोय नव्हती आणि युनिकोड, म्हणजे सर्व लिपींच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारी पद्धत, हीही त्याला कळत नसे. विंडोज २००० पासून मराठी आणि कोकणी युनिकोडमध्ये लिहिता येऊ लागले, तरी पानांची जुळणी करणारी सॉफ्टवेअरे मागे राहिली. पाने जुळवण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये तळटिपा २००५ साली आल्या आणि देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवण्याची सोय २०१२ च्या सीएस-सिक्स आवृत्तीत आली. तोपर्यंत छापखान्यांचे हात जुन्या फॉन्टवर बसले होते आणि जुळणी करणाऱ्याने प्रत्येक टीप हाताने उचलून पानाच्या तळाशी ठेवणे हीच रीत झाली होती. आज मात्र तशी सक्ती राहिलेली नाही. वर्डमधील खऱ्या तळटिपा इनडिझाइन थेट स्वीकारते आणि त्या तिथेही जिवंत राहतात. हाताने टाइप केलेल्या टिपा त्याच्या दृष्टीने निव्वळ परिच्छेद असतात आणि ते परिच्छेद मजकुरात येतील तिथे ओतले जातात.

जुन्या फॉन्टची आणखी एक अडचण आपल्या गोव्याला जितकी बाधते तितकी महाराष्ट्रात क्वचितच कोणाला बाधत असेल. आमच्या टिपा पोर्तुगीज नावांनी भरलेल्या असतात. गोवा आणि लिस्बन यांच्यातील पत्रव्यवहाराचे जे ग्रंथ पुराभिलेखागारात आहेत त्यांचे ‘मोंसोइंश’ हे नावच घ्या; मूळ लेखनात त्यात खाली शेपटी असलेले सी आणि वर टिल्ड असलेले ओ ही दोन्ही अक्षरे आहेत. जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये संकेतांच्या जागा मोजक्याच होत्या, आणि ज्या जागांवर एरवी पश्चिम युरोपीय भाषांची ही खुणांची अक्षरे असतात त्याच जागांवर आपल्या मात्रा आणि जोडाक्षरांचे तुकडे बसवलेले होते. परिणामी पोर्तुगीज नावाच्या मध्येच अर्धा क्ष किंवा एखादी सुटी वेलांटी उगवते. ती पाहून वैतागलेला जुळणीकार त्या जागी साधे सी आणि ओ टाइप करून मोकळा होतो, आणि पुढे ग्रंथालयाच्या संगणकावर ते नाव शोधणाऱ्याला कधी कधी काहीच मिळत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीला आपली स्वतंत्र जागा असल्यामुळे एकाच टिपेत ‘पाहा’ हा शब्द देवनागरीत आणि ग्रंथाचे नाव सर्व खुणांसह पोर्तुगीजमध्ये सुखाने नांदते. म्हणून मूळ फाइल युनिकोडमध्येच लिहावी आणि जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर करून मागणाऱ्या छापखान्याला निदान टिपांपुरते तरी नाही म्हणावे.

टिपा पानाच्या तळाशी बसवणे शक्य नसले की छापखान्याकडून हमखास सुचवला जाणारा मार्ग म्हणजे सगळ्या टिपा पुस्तकाच्या शेवटी टाकणे. एका छापखान्याने तर लेखकाला न विचारताच तसे केले आणि तसे करताना प्रकरणांचे मथळे गाळले; चार प्रकरणांच्या चार ‘पहिल्या’ टिपा एकाखाली एक उभ्या राहिल्या. शेवटी टिपा देणे ही मान्य पद्धत आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही ती वाचकाच्या सोयीची आहे असे मला वाटत नाही, आणि या मतात मी एकटा नाही. एडवर्ड गिबनच्या रोमन साम्राज्यावरील इतिहासाचा पहिला खंड १७७६ साली निघाला तेव्हा त्याच्या टिपा शेवटी छापल्या होत्या. डेव्हिड ह्यूमने तो वाचून त्याच वर्षी प्रकाशकाला लिहिले की त्या तिथे शोधत बसणे जिकिरीचे होते, त्या समासात किंवा पानाच्या तळाशी छापाव्यात. नंतरच्या आवृत्तीत त्या तळाशी आल्या. आपल्या पोथ्यांतही लेखनिकाकडून सुटलेले शब्द हंसपदाची खूण करून त्याच पानाच्या समासात लिहीत, पोथीच्या शेवटच्या पानावर नव्हे.

गोव्याच्या इतिहासलेखनात तर टीप जवळ असण्याला अधिक महत्त्व आहे. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, हे प्रत्येक स्मरणिकेत येते. त्यापुढचा तपशील, म्हणजे मूर्ती कोणी आणली, कोणत्या वाटेने आणली, वाटेत मुक्काम कुठे झाला, यातला काही कागदोपत्री असतो आणि बराचसा महाजनांच्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेलेला असतो. दोन्ही मोलाचे आहेत, पण ते वेगवेगळे आहेत, आणि मजकुराचा ओघ न मोडता हा फरक सांगण्याची जागा तळटीप हीच आहे. ती शंभर पानांपलीकडे गेली की वाचक पान उलटून पाहत नाही, आणि परंपरेने सांगितलेली गोष्ट दस्तऐवजात नोंदलेली म्हणून पुढच्या स्मरणिकेत उतरून घेतली जाते. ‘गोवा पुराभिलेखागार’ एवढेच लिहून थांबणाऱ्या टिपांनीही हेच होते. त्या प्रचंड संग्रहात कोणता ग्रंथ, कितवे पान आणि पानाची पुढची बाजू की मागची, हे लिहिल्याशिवाय दुसऱ्या माणसाला तो कागद सापडत नाही. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज राज्याच्या कौन्सिलच्या सभांचे वृत्तान्त संपादून १९५३ ते १९५७ या काळात पाच खंडांत छापून ठेवले, तेव्हा निदान त्या वृत्तान्तांपुरते तरी खंड आणि पृष्ठ सांगणे अगदी सोपे झाले आहे.

सामान्य वाचक तळटिपांना बिचकतो, असा आक्षेप संपादक मंडळांच्या बैठकीत ऐकू येतो. मला त्यात फारसे तथ्य दिसत नाही. ज्याला टीप नको तो तळाच्या बारीक अक्षरांकडे पाहतही नाही. आणि गावातील ज्यांना आपल्या घराण्याचा, आपल्या वाड्याचा उल्लेख कुठून आला हे जाणून घ्यायचे असते ते आधी टीपच वाचतात. पाने वाढतात आणि खर्च वाढतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे टिपांची संख्या नव्हे तर लांबी आवरणे. ज्या टिपेत अर्धे पान वाद घातलेला असतो तो वाद मजकुरात घ्यावा किंवा सोडून द्यावा.

काही झाले तरी छपाईचा अंतिम निर्णय छापखान्यावर सोपवायचा असेल, तरीसुद्धा फाइलमध्ये खऱ्या तळटिपाच असाव्यात. वर्डमधील सगळ्या तळटिपा शेवटच्या टिपांत बदलण्याची आज्ञा एकच आहे आणि त्या पुन्हा तळाशी आणण्याचीही एकच. हाताने टाइप केलेल्या टिपांना यांपैकी कोणतीही आज्ञा लागू पडत नाही.

म्हणून माझी विनंती लेखकांइतकीच, किंबहुना अधिक, जे लेख मागवतात त्यांना आहे. स्मरणिकेच्या संपादक मंडळांनी, ग्रंथप्रकाशनास अर्थसाहाय्य देणाऱ्या संस्थांनी आणि निबंधस्पर्धांच्या आयोजकांनी लेख मागवण्याच्या निवेदनातच लिहावे की मजकूर युनिकोडमध्ये असावा, तळटिपा वर्ड प्रोसेसरच्या तळटिपेच्या सोयीनेच दिलेल्या असाव्यात, आणि मूळ फाइलबरोबर पीडीएफही पाठवावी. पीडीएफ यासाठी की जुळणी झाल्यावर लेखकाच्या मनातले पान कसे होते ते ताडून पाहता येते. शब्दमर्यादा घालणाऱ्यांनी तीत टिपा धरल्या आहेत की नाहीत तेही सांगावे. वर्डच्या शब्दगणनेत टिपा धरण्यासाठी वेगळी खूण असते आणि ती एकाने केली व दुसऱ्याने केली नाही तर दोघांचे हिशेब जुळत नाहीत. महाविद्यालयांच्या मराठी आणि इतिहास विभागांनी प्रकल्पलेखन सुरू होण्यापूर्वी संगणक-कक्षात एक तास या कामाला दिला तरी भागेल, कारण शिकवायचे आहे ते वरच्या काही परिच्छेदांत संपते.

मुद्रिते तपासायला देताना लेखकांना टिपांसह पूर्ण पाने दाखवावीत, नुसता मजकूर नव्हे, एवढी आणखी एक विनंती छापखान्यांना आहे. लेखकाने ती पाने हातात आल्यावर इतर काही वाचण्याआधी वरचा प्रत्येक अंक आणि खालची त्याची टीप बोट ठेवून जुळवून पाहावी, आणि ज्या सालांच्या शेजारी टिपेचा अंक आहे ती साले तेवढी पुन्हा एकदा मोजावीत.

आपला विश्वासू,
एक मुद्रितशोधक,
फोंडा, गोवा